जादा दिवे बसवा, पण डिपर दाबताच विझतील असे

थार, जिम्नी, गुरखा, नाहीतर आजोबांची जुनी जिप्सी घेऊन पोरं माझ्या दुकानात येतात. पहिलं वाक्य बहुतेक एकच असतं, "मामा, पुढं मोठा बार टाका." बार म्हणजे दिव्यांची लांब पट्टी. माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम कोल्हापुरात, उद्यमनगरला. मी लगेच नाही म्हणत नाही आणि लगेच बसवूनही देत नाही. आधी विचारतो, रात्री गाडी चालते कुठं? गगनबावड्याच्या करूळ घाटात, पुणे-बंगळूर हायवेवर, का शेतातल्या ट्रॅकवर? या तिन्ही ठिकाणांना लागणारा दिवा वेगळा, आणि कायदाही त्यांच्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो.

आपल्या भागात जादा उजेड लागतो, हे मला मान्य आहे. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, आणि ट्रॉलीच्या बाहेर हातभर ऊस लोंबतोय. दाजीपूरच्या बाजूला रस्त्यात गवा उभा असतो. आंब्याच्या घाटात पावसाळ्यात बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. अशा रस्त्यावर नीट दिसावं ही हौस नाही, गरज आहे. म्हणूनच हे काम नियमात बसवून करता येतं हे मला सांगायचंय, आणि कसं तेही.

आधी कायदा. सगळा मुद्दा केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या चार नियमांत आहे: १०५, १०६, १०८ आणि १११. हे देशभर एकच आहेत. त्यामुळे "गोव्यात चालतं, कर्नाटकात चालतं" या गप्पांना अर्थ नाही.

नियम १०५ म्हणतो, चारचाकीला पुढं दोन किंवा चार हेडलॅम्प असावेत आणि त्यांच्या उजेडात १५५ मीटरवरचा माणूस किंवा वाहन स्पष्ट दिसलं पाहिजे. म्हणजे कंपनीचे दोन असतील तर आणखी दोन. सहा नाहीत, आठ नाहीत. पुढं उजेड टाकणारा दिवा जमिनीपासून दीड मीटरच्या वर नसावा, हेही तिथंच आहे. आता टेप लावून बघा. जिम्नीचं छप्पर १.७ मीटरच्या वर, थारचं १.८ च्या वर, गुरखाचं दोन मीटरच्या वर. छपरावरचा बार रस्त्यासाठी तिथंच बाद झाला. "फोर बाय फोरला उंचीची सवलत असते की" असं सांगणारे भेटतात. ती सवलत कंपनीनं त्या गाडीसाठी ठरवून दिलेल्या मर्यादेपुरती आहे, बाजारातून आणून ठोकलेल्या बारला ती मिळत नाही.

नियम १०६ हा माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. पुढचा कोणताही दिवा, पक्का बसवलेला असो की फिरवता येणारा, समोरच्याचे डोळे दिपवणार नाही असा हवा. आणि "दिपणं" म्हणजे काय हे नियमानं मोजून दिलंय: दिव्याच्या समोर ८ मीटरवर, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर माणसाचा डोळा आहे असं धरायचं. त्या डोळ्याला दिवा दिपवता कामा नये. हे दोन वाटांनी साधतं. एक तर दिवा कायमचा खाली झुकलेला असावा. नाहीतर ड्रायव्हरला तो झटकन खाली झुकवता यावा, किंवा विझवता यावा आणि त्याच क्षणी नियमात बसणारा खालचा उजेड सुरू व्हावा. ही दुसरी वाट म्हणजे आपला डिपर. अख्ख्या वायरिंगचं सूत्र यातच आहे. त्यावर पुढं सविस्तर येतो. सात वॅटपर्यंतच्या, दुधी काचेच्या बारक्या दिव्यांना हा नियम लागत नाही.

नियम १०८ रंगांचा. पुढं लाल उजेड चालत नाही आणि मागं लालशिवाय दुसरा चालत नाही. रिव्हर्स, नंबर प्लेट, इंडिकेटर हे ठरलेले अपवाद सोडून. म्हणजे मागच्या कॅरिअरला तंबू लावताना उपयोगी पडेल म्हणून पांढरा वर्क लॅम्प बसवलात, तर तो रस्त्यावर चालू असणं गुन्हा आहे. निळे-लाल लुकलुकणारे दिवे माझ्या दुकानात बसवून मिळत नाहीत. ते रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलिसांचे आहेत. लोकांनी त्यांनाच वाट द्यायला शिकलं पाहिजे, गावातल्या कुणाच्या तरी गाडीला नाही.

नियम १११ म्हणतो की गाडीच्या पुढं स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट बसवायचा नाही. अपवादात्मक परिस्थितीत, नोंदणी प्राधिकाऱ्याची म्हणजे आरटीओची आधी मंजुरी घेऊन, तेवढा बसवता येतो. "आधी" हा शब्द लक्षात ठेवा. बसवून झाल्यावर अर्ज करून भागत नाही. जंगलाच्या कडेच्या गावांत याला आणखी एक बाजू आहे. राधानगरीच्या आसपास रात्री फिरता सर्चलाइट लावून कुणी दिसला, तर वनखात्याला पहिला संशय शिकारीचा येतो, आणि तो रास्त आहे.

दंड किती? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं. मालकानं नियमात न बसणारा बदल केला, त्यात बाहेरून सुटे भाग बसवणंही आलं, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. "प्रत्येक बदलाला" हे नीट वाचा. त्याखेरीज कलम ५२ आहेच: कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी आरसी बुकातल्या नोंदी जुळेनाशा होतील असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या कलमाचा अर्थ कडक लावला. केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून पुढच्या लोखंडी क्रॅश गार्डवर, ज्याला आपण बुलबार म्हणतो, याच कलमाखाली कारवाई करायला सांगितलं. आपली पोरं दिवे नेमके त्या बुलबारवरच लावायला सांगतात. म्हणजे एका नाक्यावर दोन गुन्हे. शिवाय तो बुलबार समोरचा धक्का सरळ चॅसीवर नेतो, एअरबॅगच्या हिशेबात गडबड करतो आणि पायी चालणाऱ्याला मारतो. मी बुलबारवर दिवा बसवत नाही.

नवा दिवा घेण्याआधी जुना बघा

हे वाचून काहींना वाटेल, मामा गिऱ्हाईक परत पाठवतोय. पण जुन्या जिप्सी, बोलेरो, एमएम ५४० मध्ये अंधाराचं कारण बहुतेक वेळा वायरिंगमध्ये असतं. हेडलॅम्पचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून येतो. वायर बारीक, जोड गंजलेले, अर्थिंग रंगावर टेकवलेलं. मल्टिमीटर लावा. इंजिन चालू, हेडलॅम्प चालू असताना बॅटरीवर व्होल्ट मोजा आणि मग बल्बच्या पिनांवर मोजा. दोन्हीत एक व्होल्टचा फरक असेल तर हॅलोजनचा उजेड जवळजवळ पाव भागानं कमी झालेला असतो, कारण व्होल्ट थोडा पडला तरी उजेड त्याच्या कितीतरी पट पडतो. दोन रिले (बारीक करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच), जाड वायर आणि नवं अर्थिंग एवढ्यानं तो उजेड परत मिळतो. गाडीच्या बाहेरून काहीही बदललेलं नसतं. पिवळी पडलेली हेडलॅम्पची काच घासून पॉलिश करा, मग पुन्हा एकदा रात्री चालवून बघा. बरीच माणसं इथंच समाधानी होतात.

दोन गोष्टी मात्र करू नका. एच-४ च्या, म्हणजे हाय (लांबचा) आणि लो (डिपरचा खालचा) दोन्ही बीम एकाच बल्बात असलेल्या, होल्डरमध्ये १००/९० वॅटचा बल्ब घालू नका. मंजूर बल्ब ६०/५५ वॅटचा आहे; मोठ्यानं होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरची चकाकी जाते आणि डिपरवरसुद्धा समोरचा आंधळा होतो. दुसरं, हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी बल्ब घालू नका. रिफ्लेक्टरचा आकार फिलामेंटच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीच्या चिप्स त्या जागेवर तशाच बसत नाहीत, मग उजेडाची कडा फाटते आणि वर उडते. गाडीत बसलेल्याला पांढरं लख्ख दिसतं म्हणून तो खूश असतो. समोरून स्कूटीवर लेकराला घेऊन येणाऱ्या बाईला विचारा.

दिवा निवडताना काच वाचा

बॉक्सवर काय लिहिलंय ते सोडा, "२०,००० लुमेन" वगैरे कुणीही छापतो. दिव्याच्या काचेवर किंवा बॉडीवर कोरलेलं बघा. वर्तुळात इंग्रजी ई आणि शेजारी आकडा असेल तर तो युरोपीय मानकानुसार मंजूर झालेला नग आहे. आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा: १ जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ४ नेदरलँड्स. त्याच्या जवळची अक्षरं दिवा कशाचा ते सांगतात. बी किंवा एफ-३ म्हणजे फॉग लॅम्प. एचआर म्हणजे हॅलोजनचा हाय बीम, एचसी म्हणजे लो बीम, एचसीआर म्हणजे दोन्ही. आरएल म्हणजे दिवसाचा दिवा, तो रात्रीच्या उजेडासाठी नाही. आपल्याकडे दिव्यांच्या जागांसाठी एआयएस-००८ हे मानक आहे आणि बल्बसाठी एआयएस-०३४. ज्या नगावर काहीच कोरलेलं नाही, त्याचा उजेड कुठं जातो हे कुणी मोजलेलं नाही असं समजा.

माझा पहिला सल्ला: तुमच्या मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीचे फॉग लॅम्प येत असतील तर तेच घ्या. बंपरमध्ये जागा तयार असते, कपलर पुष्कळदा आधीच आलेला असतो आणि नाक्यावर वाद उरत नाही. दुसरा सल्ला: हाय बीमला जोड हवी असेल तर मंजूर हाय बीम दिव्यांची एक जोडी, बंपरच्या उंचीवर. मोठ्या बारपेक्षा चांगल्या रिफ्लेक्टरची जोडी लांबवर कितीतरी नीट टाकते. बारचा बराचसा उजेड बॉनेटच्या पुढच्या वीस-तीस मीटरात सांडतो. जवळ फार उजेड पडला की डोळा त्याला सरावतो आणि लांबचं कमी दिसायला लागतं. हे पोरांना पटत नाही, पण रात्री दोन गाड्या शेजारी लावून दाखवलं की पटतं.

वायरिंग

इथं सावकाश वाचा. मी सांगतो ते वापरून तुमच्या गावचा वायरमनही करू शकेल.

चार पिनांचा, १२ व्होल्टचा रिले घ्या. पिनांवर ३०, ८७, ८५, ८६ असे आकडे असतात. ३० आणि ८७ मधून दिव्यांचा करंट जातो, ८५ आणि ८६ रिले चालू करतात. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून निघालेली वायर आधी फ्यूजमध्ये जाते, आणि हा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. दिव्याजवळ फ्यूज ठेवून उपयोग नाही. मध्येच वायर घासून बॉडीला लागली तर आग बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्यात लागते. फ्यूजमधून वायर ३० ला, ८७ मधून दोन्ही दिव्यांना, दिव्यांचं निगेटिव्ह बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा रंग खरवडून काढलेल्या चॅसीच्या बोल्टला. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट. १२ नं भागलं की ९ अँपिअरच्या थोडं वर. त्याला १५ अँपिअरचा फ्यूज आणि अडीच एमएमची वायर पुरते. ३० अँपिअरचा फ्यूज "सोयीसाठी" घालू नका. मग फ्यूजच्या आधी वायर जळते.

आता खरा मुद्दा. ८६ ला करंट कुठून द्यायचा? बाजारातल्या तयार किटमध्ये तो सरळ बॅटरीवरून स्विचमार्फत येतो. म्हणजे स्विच दाबला की दिवा लागला, डिपर मारला तरी तो पेटलेलाच. हीच वायरिंग नियम १०६ मोडते आणि हीच रस्त्यावर सगळीकडे दिसते. तुम्ही ८६ ची वायर हेडलॅम्पच्या हाय बीमच्या वायरवरून घ्या, मध्ये डॅशबोर्डचा स्विच ठेवा आणि ८५ अर्थ करा. आता स्विच चालू आणि हाय बीम चालू, दोन्ही असतील तरच रिले ओढतो. समोरून गाडी आली, तुम्ही सवयीनं डिपर दाबला, की जादा दिवे आपोआप विझतात आणि त्याच क्षणी लो बीम लागतो. वेगळा हात हलवायचा नाही, वेगळं लक्षात ठेवायचं नाही. घाटात वळणावर समोरचा अचानक येतो तेव्हा कुणालाही दुसरा स्विच आठवत नाही.

काही गाड्यांत, विशेषतः जपानी घराण्यातल्या, हेडलॅम्पचा स्विच निगेटिव्ह बाजूला असतो. ओळखायचं असं: एच-४ च्या मधल्या सामाईक पिनवर लो आणि हाय दोन्हीत १२ व्होल्ट दिसतात, आणि जो बीम चालू त्याची पिन अर्थला जाते. अशा गाडीत ८६ ला तो सामाईक पॉझिटिव्ह द्या आणि ८५ स्विचमधून हाय बीमच्या पिनला. परिणाम तोच मिळतो. नुसतं पहिल्या पद्धतीनं जोडलंत तर दिवा उलटा वागेल, नाहीतर वागणारच नाही.

नव्या एलईडी हेडलॅम्पच्या, कॉम्प्युटर असलेल्या गाड्यांत वायर कापून पीळ मारायचा नाही. मॉडेलचं तयार कपलर हार्नेस घ्या, जे कंपनीच्या प्लगमध्ये बसतं आणि काढलं की गाडी होती तशी होते. रिले आत डायोड असलेला घ्या, नाहीतर कॉइल सुटताना उठणारा झटका कंट्रोल मॉड्यूलला बसतो. डायोडच्या रिलेत ८५-८६ ची दिशा पाळावी लागते, बेसवरची खूण बघा. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा. कापलेली वायर दिसली की इलेक्ट्रिकलचा क्लेम नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं.

फॉग लॅम्पची वायरिंग वेगळी. त्याला हाय बीमशी बांधू नका, कारण धुक्यात हाय बीम चालवायचाच नसतो. त्याचा ट्रिगर, म्हणजे रिले चालू करणारा करंट, पार्किंग दिव्याच्या लाइनवरून घ्या. आणि मागचा जादा रिव्हर्स दिवा असेल तर त्याचा ट्रिगर फक्त रिव्हर्स गिअरच्या स्विचवरून, वेगळं बटण नको.

रोख धरणं

चुकीच्या रोखाचा मंजूर दिवा हा नामंजूर दिव्याइतकाच वाईट. गाडी सपाट जागेवर घ्या, टायरची हवा बरोबर करा, डिझेल निम्मं असू दे, आणि मागं नेहमी जेवढं सामान असतं तेवढं ठेवा. मागं टूलबॉक्स आणि दोन जेरीकॅन पडले की नाक वर होतं, सगळा रोख बदलतो.

समोर भिंत दहा मीटरवर. फॉग लॅम्पच्या मध्याची उंची जमिनीपासून मोजून भिंतीवर तेवढ्या उंचीवर खडूची रेघ मारा. उजेडाची वरची कडा त्या रेघेच्या किमान दहा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. फॉग लॅम्प लो बीमच्या वर कधीही नसावा. जितका खाली, बंपरच्या तळाशी, तितका बरा. हाय बीमच्या जोडीचा मध्य मात्र रेघेवर किंवा किंचित खाली, दोन्ही सरळ पुढं. एक डावीकडे, एक उजवीकडे असे फाकवू नका.

मग नियमाची परीक्षा स्वतःच घ्या. गाडी हाय बीमवर, जादा दिवे चालू. दिव्यापासून आठ मीटर मोजा, तिथून अर्धा मीटर उजवीकडे सरका, दीड मीटर उंचीवर डोळे येतील असे थोडे वाकून उभे राहा. आत बसलेल्याला सांगा, डिपर दाब. त्या क्षणी तुमच्या डोळ्यांना आराम पडला पाहिजे, बंपर आणि नंबर प्लेट दिसली पाहिजे. नाही पडला तर काम अजून संपलेलं नाही. ही परीक्षा मी मालकालाच द्यायला लावतो, स्वतः देत नाही. एकदा आपल्याच गाडीसमोर उभं राहिलं की माणूस वाद घालत नाही.

ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर जाते. डोळे दिपल्यावर तीन सेकंद काही दिसलं नाही, तर समोरच्यानं पन्नास मीटर आंधळेपणानं कापलेले असतात. त्या पन्नास मीटरात उसाची बिनदिव्याची ट्रॉली असू शकते. आपल्या पट्ट्यात ती असतेच.

छपरावरचा बार नुसता खाली झुकवून नियमात बसवता येईल का, असं एका इंजिनिअर पोरानं विचारलं होतं. हिशेब करून बघू. बार १.८ मीटरवर आहे आणि आठ मीटरवर उजेडाची वरची कडा दीड मीटरच्या खाली हवी. म्हणजे आठ मीटरात तीस सेंटिमीटर उतार. त्याच उतारानं कडा ४८ मीटरवर जमिनीला टेकते. त्यापुढं अंधारच. शिवाय बॉनेटवर पडलेला उजेड काचेतून परत डोळ्यात येतो. आणि दीड मीटरचा उंचीचा नियम तर तरीही मोडतोच.

धुक्याबद्दल थोडं. आंबा किंवा आंबोलीच्या धुक्यात पांढरी भिंत दिसते ती आपल्याच दिव्याची असते. थेंबांवर आपटून उजेड परत येतो. दिवा डोळ्यांच्या रेषेच्या जितका जवळ, तितकी भिंत दाट. म्हणून फॉग लॅम्प खाली, रुंद आणि वरून सपाट कापलेला असतो. तो रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी दाखवतो, लांबचं दाखवण्यासाठी तो नाहीच. पिवळा घ्यावा का पांढरा? दोन्ही मंजूर आहेत. धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे रंगानं फार फरक पडत नाही. फरक पडतो तो दिव्याच्या जागेनं आणि कडेनं. मला स्वतःला पावसात पिवळा बरा वाटतो, पण त्यासाठी कुणी पांढरे चांगले दिवे काढून टाकू नयेत. धुकं सरलं की फॉग लॅम्प बंद करा.

फक्त ट्रॅकसाठीचे दिवे

काहींची गाडी खरोखर स्पर्धेची असते. गोव्यात २०१४ साली सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या ठिकाणी रात्री चिखलात विंच ओढताना चहूबाजूंनी उजेड लागतो. अशांसाठी माझी पद्धत: बार काढघाल करता येईल अशा ब्रॅकेटवर, वॉटरप्रूफ कपलरसह. रस्त्यावर निघताना बार काढून गाडीत. किंवा गाडीच फ्लॅटबेडवर न्या. काळं कव्हर घातलं म्हणजे दिवा कायदेशीर झाला, असं आपल्या नियमांत कुठंही लिहिलेलं नाही. कव्हर घातल्यानं दिवा चुकून लागला तर समोरचा वाचतो, एवढाच त्याचा उपयोग, आणि तेवढ्यासाठी ते घालाच. स्वतःच्या शेतात, कुंपणाच्या आत काय पेटवायचं ते तुम्ही ठरवा. पण लोकांना जायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा कायद्यानं सार्वजनिक ठरते. धरणाच्या काठचा कच्चा रस्ता, पठारावर जाणारी गाडीवाट, ही "ऑफ-रोड" नाहीत.

कागदांचं काम लोक विसरतात. दिव्यांचं जीएसटी बिल ठेवा, मंजुरीच्या खुणेचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा. विमा कंपनीला कळवून पॉलिसीत जादा इलेक्ट्रिकल फिटिंगची नोंद करून घ्या. त्याचं एन्डॉर्समेंट क्रमांक २४ म्हणून आहे, दिव्यांच्या किमतीवर थोडा हप्ता वाढतो. नोंद नसेल तर अपघातात दिव्यांचे पैसे मिळणार नाहीत, आणि शॉर्ट सर्किटनं आग लागली तर सर्व्हेअर पहिला प्रश्न त्याच वायरचा विचारेल.

नाक्यावर महामार्ग पोलिसांनी किंवा आरटीओच्या पथकानं थांबवलं तर इंजिन चालू ठेवून, शांतपणे, त्यांच्या समोर डिपर मारून दाखवा. दिवे दोनच आहेत, दीड मीटरच्या खाली आहेत, डिपरवर विझतात, काचेवर मंजुरीची खूण आहे. एवढं दाखवता आलं तर तुमची बाजू नियमांच्या आधारानं उभी आहे. तरी अधिकाऱ्यानं काढायला सांगितलं तर तिथं भांडू नका. ई-चलानावर हरकत घेता येते, ती लेखी घ्या, बिल आणि फोटो जोडा.

बसवून झाल्यावर महिन्याभरानं एकदा ब्रॅकेटचे बोल्ट आवळा आणि भिंतीसमोर रोख पुन्हा बघा. खडबडीत रस्त्यानं नवा बोल्ट हमखास सैल होतो, दिवा बोटभर वर उचलला जातो, आणि आत बसलेल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. दर पावसाळ्याआधी रिले काढून पिना तपासा. हिरवट बुरशी आली असेल तर घासून थोडं व्हॅसलिन लावा. पिन जळून रिले चिकटला तर डिपर मारूनही दिवा विझत नाही, म्हणून रात्री निघताना एकदा घराच्या फाटकावर उजेड टाकून डिपर मारून बघायचं आणि मगच गिअर टाकायचा.